शून्य मीटर खोल विहीर

नानांनी प्रिंटआउटच्या मधोमध बोट ठेवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, ही बोरखेडीनी ईहीर भरेल शे का?"

मी दुसऱ्या मशीनवर बसले होते. न वळताच विचारलं, "काय लिहिलंय नाना?"

"एप्रिलना खाली शून्य. शून्य पॉइंट शून्य शून्य."

"मग भरलेली असणार. काठापासून पाणी किती खोल, ते मीटरमध्ये दिलंय. शून्य म्हणजे पाणी काठाला."

नानांनी मान हलवली. म्हणाले, "मी सोता तठे दोर टाकेल शे, ताई. वजन दगडवर वाजनं. तठे पानी नही शे."

मी खुर्ची वळवली. पान हातात घेतलं. बोरखेडी, एप्रिल, ०.००. त्याच्या खालच्या ओळीत आणखी एक ०.००. पुढच्या पानावर चार.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गावाचं नाव मी बदललं आहे. मी जळगावात एका कॉम्प्युटर ब्युरोत प्रोग्रॅमर होते. ब्युरो म्हणजे ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांची कामं करून देणारं ऑफिस. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. दुकानाचे मालक कांतीभाऊ हेच ब्युरोचेही मालक. तीन मशीन, एक मोठा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, दोन एन्ट्री ऑपरेटर आणि मी.

धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयाकडून काम आलं होतं. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या कमी पाण्याच्या तालुक्यांत काही ठरावीक विहिरी दर महिन्याला मोजल्या जात. दोराला वजन बांधायचं, विहिरीत सोडायचं, पाण्याला कुठे लागतं ते बघायचं आणि तक्त्यात लिहायचं. नाना हे काम पारोळ्याच्या बाजूला करत. बावीस वर्षं करत होते. एका ओळीला एक विहीर, आणि मागच्या मेपासून या एप्रिलपर्यंत बारा महिन्यांचे बारा कॉलम. आम्ही ते सगळे तक्ते कॉम्प्युटरवर चढवायचे, सगळी मापं मीटरमध्ये आणायची आणि एप्रिलच्या मापावरून कुठल्या गावांना टँकर लागणार त्याची यादी काढायची.

टँकर मोजकेच होते. यादीत नाव आलं तर टँकर, नाही तर नाही.

अडचण मापांची होती. कोणी फुटात लिहिलेलं, कोणी मीटरमध्ये. नानांसारखे जुने लोक परसात लिहीत. परस म्हणजे एका माणसाची उंची. कामापुरती आम्ही ती सहा फूट धरली होती. ऑपरेटर मुलींनी तक्त्यात दिसलं तसंच टाइप केलं: 42 F, 11.5 M, 7 P. तेव्हा आमच्या मशीनवर मराठी टाइप होत नसे, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत.

मी आधी एकाच महिन्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. अकरा ओळी. माप वाच, शेवटचं अक्षर बघ, फूट असेल तर मीटर कर, परस असेल तर आधी फूट कर आणि मग मीटर. तो चालला. मग त्याच अकरा ओळींच्या बारा नकला केल्या आणि प्रत्येकीत महिन्याचं नाव बदललं. ऑगस्टच्या नकलेत एका ठिकाणी जुलै तसाच राहिला. ऑगस्टच्या कॉलममध्ये जुलैचे आकडे जाऊन बसले. दोन कॉलम शेजारीशेजारी सारखे दिसले म्हणून सापडलं. नसते दिसले तर मला कळलंही नसतं.

त्या चुकीनं मी घाबरले आणि मग दोन दिवस बसून नीट काम केलं. दोन फंक्शन लिहिली. फंक्शन म्हणजे नाव दिलेलं छोटं काम. एकदा लिहून ठेवायचं, मग नुसतं नाव घेतलं की ते होतं. पहिल्याचं नाव ठेवलं 'मीटर'. त्याला एक माप द्यायचं, ते मीटर करून परत देतं. त्याला टेबल, म्हणजे मशीनमधला सगळा तक्ता, किंवा कॉलम, विहीर यातलं काहीच माहीत नसतं. दुसऱ्याचं नाव 'बदला'. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: टेबल कुठलं, कॉलम कुठले, आणि प्रत्येक मापाला कुठलं फंक्शन लावायचं. मग ते एकेक कॉलम घेतं, वरून खालपर्यंत जातं, प्रत्येक चौकटीतलं माप उचलून आतल्या फंक्शनकडे देतं आणि आलेलं उत्तर त्याच चौकटीत परत ठेवतं. अशा बाहेरच्या फंक्शनला रॅपर म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

मला त्याचा फार अभिमान वाटला होता. बारा कॉलमचं काम एका ओळीत. पावसाचे आकडे इंचातून मिलिमीटरमध्ये करायचे होते, त्यालाही तेच 'बदला' लावलं, फक्त आतलं फंक्शन दुसरं दिलं. कांतीभाऊंनी खाली दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना वर आणून दाखवलं. "आमच्या मॅडमनी मशीन बनवलंय. काही पण टाका, बदलून देतं."

मंगळवारी मी स्वतः धुळ्याला जाऊन यादी देऊन आले. आणि आज गुरुवार होता. नाना आपले तक्ते परत न्यायला आणि स्वतःच्या विहिरींचं पूर्ण प्रिंट घ्यायला आले होते. म्हणून त्यांनी ते पान बघितलं. नाही तर कोणी बघितलं नसतं. कारण आम्ही दिली ती यादी टँकर लागणाऱ्या गावांची. जे गाव यादीत नाही, ते कोणाला दिसतच नाही.

मी नानांचा तक्ता मागितला. बोरखेडीच्या ओळीत एप्रिलच्या चौकटीत नानांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: कोरडी.

ऑपरेटरनं ते DRY असं टाइप केलं होतं. तिचं बरोबर होतं.

आमच्या सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये अक्षरांतून आकडा काढायची एक तयार सोय होती. 42 F दिलं की ती ४२ देई. पण सुरुवातीलाच अक्षर असलं, तर ती तक्रार करत नसे. मुकाट्यानं शून्य देई. माझ्या 'मीटर'नं ते शून्य घेतलं आणि शून्य मीटर करून परत दिलं. 'बदला'नं ते चौकटीत ठेवलं. एका चौकटीत नाही. बारा कॉलम, सगळे तालुके, जिथे जिथे कोरडी होतं तिथे तिथे.

म्हणजे सगळ्यात वाईट अवस्थेतली गावं माझ्या टेबलात काठोकाठ भरलेली होती.

मी कांतीभाऊंना वर बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "यादी धुळ्याच्या साहेबांनी पुढे पाठवली का?"

"उद्या तीन वाजता धुळ्याला मीटिंग आहे. तिथे मंजूर होणार."

"मग अजून वेळ आहे. दुरुस्त करायला किती लागेल?"

"फंक्शन दुरुस्त करायला दहा मिनिटं."

"मग एवढ्या घाबरल्या कशाला?"

"भाऊ, मी उत्तर त्याच चौकटीत परत ठेवलंय. आधीचं माप पुसलं गेलं. आता टेबलात DRY कुठेच नाही. नुसती शून्यं आहेत."

कांतीभाऊ खुर्चीवर बसले. माणूस व्यवहारी होता. "सोपं आहे. सगळी शून्यं शोधा आणि तिथे कोरडी लिहा. पाच मिनिटांचं काम आहे."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. माझा हात कीबोर्डवर गेलाही होता. त्या क्षणी मला कसंही करून यातून सुटायचं होतं.

नाना आपला तक्ता उलटा करून बघत होते. ते म्हणाले, "ताई, मार्चमा मी आजारी व्हतू. एप्रिलमाबी आठ दिन दवाखानामा. नऊ ईहिरी मोजेलच नही. चौकट कोरी सोडी दिन्ही मी. तेन्हं काय व्हयनं?"

मी टेबलात बघितलं. कोऱ्या चौकटीचंही शून्यच झालं होतं.

"त्या नऊ कोरड्या आहेत का नाना?"

"नही ना. पाच तं नदीना काठवर शेतस. पानी शे तठे." मग कांतीभाऊंकडे बघून त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं, "भाऊ, पाणी असलेल्या गावात टँकर गेला, तर तो दुसऱ्या कोणाचा तरी जाईल."

मी हात मागे घेतला. पावसाळ्यात काही विहिरी खरोखरच काठाला येतात, त्यांचंही शून्य. कोरडी, न मोजलेली आणि भरलेली, तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या होत्या आणि तो आकडा बघून त्या वेगळ्या करणं कोणालाच शक्य नव्हतं.

मूळ माहिती दोनच ठिकाणी होती. तालुक्यांच्या कागदी तक्त्यांत आणि एन्ट्री झाल्यावर घेतलेल्या फ्लॉपींवर. नानांचे सोडून बाकीचे तक्ते गेल्या आठवड्यातच धुळ्याला परत गेले होते. फ्लॉपी सहा होत्या, एका तालुक्याला एक. मोठ्या, वाकणाऱ्या, कागदी पाकिटातल्या. मी कपाटातून डबा काढला तेव्हा हाताला घाम होता. तो मी ओढणीला पुसला, कारण फ्लॉपीला ओलावा चालत नाही.

पहिली वाचली. दुसरी वाचली. तिसरी घातली तेव्हा ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पडद्यावर इंग्रजीत आलं: वाचता येत नाही, सोडून द्यायचं, पुन्हा करायचं की अपयश मानायचं? मी 'पुन्हा करायचं' निवडलं. पुन्हा घरघर. सात-आठ वेळा केलं असेल. दुसऱ्या मशीनच्या ड्राइव्हमध्ये घातली. तेच.

"कुठला तालुका?" कांतीभाऊंनी विचारलं.

मी लेबल वाचलं. पारोळा.

मी नानांकडे बघितलं. त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेले पारोळ्याचे तक्ते होते. त्यांची बस एकची होती. दुसऱ्या कुठल्याही तालुक्याची फ्लॉपी बिघडली असती, तर तिचे तक्ते इथे नव्हते. यात माझी हुशारी काहीच नव्हती. निव्वळ नशीब.

नानांनी फडक्याची गाठ सोडली. "लिखा. मी वाचस."

बाकीच्या तीन फ्लॉपी वाचल्या गेल्या. मग दुपारभर नाना वाचत होते आणि मी टाइप करत होते. दोन्ही ऑपरेटर दुसऱ्या कामावर होत्या, आणि खरं तर मला ते दुसऱ्या कोणाकडे द्यायचंच नव्हतं. नाना नुसतं वाचत नसत. प्रत्येक विहीर त्यांना माहीत होती. "सात परस. हाई ईहिरनं पानी गोड शे." "कोरडी. दोन साल व्हयनात." "कोरी. हाई मन्हा आजारनी." शेवटचा तक्ता टाइप करून साठवला, तोच सहाला लाइट गेली. आमच्या भागात आठवड्यातून दोनदा जायची. नानांनी तक्ते आमच्याकडेच ठेवले आणि ते भुसावळच्या बाजूला बहिणीकडे मुक्कामाला गेले. जाताना म्हणाले, "मीटिंगले हाई बठ्ठं दखाडजा." सगळं दाखवा.

शुक्रवारी सकाळी सातला मी ऑफिस उघडलं. आधी 'बदला' दुरुस्त केलं: उत्तर जुन्या चौकटीत न ठेवता शेजारी नवा कॉलम काढून त्यात ठेवायचं. मूळ कॉलमला हात लावायचा नाही. मग 'मीटर'. DRY आलं तर 'कोरडी' असं उत्तर द्यायचं. कोरं आलं तर 'मोजली नाही'. आकडा आणि ओळखीचं अक्षर असेल तरच मीटर करायचं. यांतलं काहीच नसेल, तर शून्य द्यायचं नाही. ती ओळ वेगळ्या पानावर छापायची. त्या पानाला मी शीर्षक दिलं: न समजलेली मापं.

एका ठिकाणी दुरुस्ती केली आणि बाराच्या बारा कॉलम दुरुस्त झाले. बारा नकला असत्या, तर त्या सकाळी मी कुठेतरी नक्की चुकले असते. पण बारा नकलांतली चूक कदाचित एखाद्या कॉलमपुरतीच राहिली असती, हेही खरं. हा हिशेब मी अजून पूर्ण केलेला नाही.

प्रिंटर नऊला सुरू झाला आणि दहाला संपला. साडेदहाच्या बसमध्ये मी प्रिंटआउट मांडीवर घेऊन बसले. एरंडोलपर्यंत नवी यादी जुन्या यादीशी ताडून बघत होते. मग बघणं बंद केलं, कारण अक्षरं हलत होती. पारोळा गेलं तेव्हा खिडकीतून एक विहीर दिसली. काठावर बायका ओळीनं उभ्या होत्या. ही माझ्या टेबलात असेल का, असं वाटलं.

धुळ्याला पोचायला दोन वाजले. साहेबांच्या टेबलावर माझीच मंगळवारची यादी होती, प्रतींसाठी निघालेली. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कारण लपवण्याइतकी शक्तीही उरली नव्हती.

साहेब पन्नाशीचे, शांत स्वभावाचे होते. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मंगळवारची यादी चुकीची."

"हो साहेब."

"आणि ही बरोबर. हे कशावरून? मंगळवारीही तुम्ही एवढ्याच खात्रीनं बोलत होता."

मी म्हणाले, "तुम्ही कुठलेही दहा तक्ते काढा. आपण हातानं ताडून बघू."

त्यांनी कपाटातून गठ्ठे काढायला लावले आणि मधूनमधून तक्ते ओढले. मी कॅल्क्युलेटरवर गुणाकार करत होते, ते प्रिंटआउटवर टिक करत होते. दहाही जुळले. त्यांनी आणखी पाच काढले. तेही जुळले. अडीच वाजून गेले होते.

मग त्यांचं लक्ष शेवटच्या पानाकडे गेलं. न समजलेली मापं. चौदा ओळी होत्या. कोणी 'हात' या जुन्या मापात मोजलेलं, कोणी दोन आकड्यांमध्ये रेघ मारलेली, एकात नुसतं प्रश्नचिन्ह. आणि साक्रीकडच्या एका गावापुढे LOCK.

"हे काय?"

"तक्त्यात 'कुलूप' लिहिलं असणार. ऑपरेटरनं तसं टाइप केलं. प्रोग्रॅमला कळलं नाही, म्हणून इथे आलं."

"मंगळवारी याचं काय झालं होतं?"

"शून्य. भरलेली विहीर."

साहेबांनी फोन उचलला आणि साक्रीला ट्रंक कॉल लावला. दहा-बारा मिनिटं गेली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. लाइन लागली. ते ऐकत होते, मधून मधून "हं" म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं. आल्यापासून मी उभीच होते.

"विहीर आटली," ते म्हणाले. "बायका खाली उतरून झऱ्याचं पाणी वाटीनं भरत होत्या. एक घसरली. पाय मोडला. म्हणून ग्रामपंचायतीनं जाळी टाकून कुलूप लावलं. मोजणाऱ्याला दोर सोडता आला नाही, त्यानं 'कुलूप' लिहिलं." मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या गावाचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं. "हे पान पहिल्या यादीला का नव्हतं?"

मी म्हणाले, "मला वाटलं होतं, सगळं समजलंय."

मीटिंग वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. मी बाहेर बाकावर थांबले. उरलेल्या तेरा ओळींसाठी त्यांनी तालुक्यांना फोन करायला एक माणूस बसवला. साडेचारला नवी यादी मंजूर झाली.

सगळंच वेळेत झालं नाही. मंगळवारची यादी एका तालुक्याला आधीच कळवली गेली होती. तिथला फेरबदल होऊन टँकर निघायला आठ दिवस लागले. दोन गावं ते आठ दिवस तशीच राहिली. मला कोणी जाब विचारला नाही. ती दोन नावं मला पाठ आहेत. ती इथे लिहीत नाही. बोरखेडीचा टँकर पुढच्या बुधवारी सुरू झाला, असं नानांनी तक्ते न्यायला आले तेव्हा सांगितलं.

कांतीभाऊंनी त्यानंतरही गिऱ्हाइकांना वर आणून ते फंक्शन दाखवलं. फक्त "काही पण टाका" हे वाक्य त्यांनी सोडून दिलं.

पुढे मी पंचवीस वर्षं हेच काम केलं, मोठ्या मशीनवर, दुसऱ्या भाषांत. नवीन मुलामुलींना शिकवायची वेळ आली, तेव्हा त्यांची फंक्शन तपासायची माझी पद्धत ठरलेली होती. आधी त्याला कोरी चौकट द्यायची. मग एखादा शब्द द्यायचा. मग तेच काम दुसऱ्यांदा चालवून बघायचं, एकदा बदललेलं माप पुन्हा बदलत तर नाही ना म्हणून. आकडा सगळ्यात शेवटी. आकड्याला कुठलंही फंक्शन नीट वागवतं.